रेलिनच्या हसण्याचं मीठ

माझ्या नातीचं तोंड मी तीन महिने नीट बघितलं नव्हतं. तेही एका घरात राहून आणि एका कचेरीत काम करून. कचेरी म्हणजे काय, माझ्या भावाने हमरस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकलीय. तिथून आम्ही प्रवाशांना पिकअपमध्ये बसवतो आणि घळीत नेऊन आणतो. मी गाडी चालवते, घळ दाखवते. माझी मुलगी लनेल तिकिटाच्या खिडकीवर बसते. तिच्या शेजारी रेलिन असते, लाकडी फळीवर चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली. मी आत गेले की कॅलेंडरकडे बघायचे. पाणी प्यायचं, किल्ली उचलायची, बाहेर.

कारण सांगते. आमच्या जमातीत बाळाला पहिल्यांदा जो हसवतो, त्याच्या वळणावर बाळ जातं. हसवणाऱ्याने मग मेंढी कापायची, सगळ्या गोताला जेवायला घालायचं आणि बाळाच्या हाताने एकेकाला खडेमीठ वाटायचं, म्हणजे मोठेपणी बाळाचा हात देता राहतो. मला कुणी हसवलं होतं माहितीय? माझ्या आईच्या मामाने. तो घोड्याला शिव्या घालत होता आणि मी फळीवरून खुदकन हसले. झालं! आता आमच्या लेची गावात कुणालाही विचारा, या वर्ना बिटसूईचं तोंड कसं आहे.

त्या तोंडापायी माझा नवरा गेला. ते एक बरंच झालं म्हणा. पण लनेलही गेली. एकोणीस वर्षांची होती. कॉलेज सोडून, बॅग घेऊन दारात उभी राहिली. माझं डोकं फिरलं. "तू जन्मलीस तेव्हाच माझं नशीब फुटलं," असं मी बोलून गेले. तिने बॅग खाली ठेवलीच नाही. चार वर्षं फिनिक्सला राहिली, एक फोन नाही. गेल्या हिवाळ्यात परत आली ती सहा महिन्यांची पोटुशी. मी म्हटलं, "मागची खोली रिकामी आहे." एवढंच. पुढे बोलायला गेले तर काय बाहेर पडेल याची मलाच धास्ती.

तेव्हाच मनाशी ठरवलं, येणाऱ्या बाळाला माझं वळण लागू द्यायचं नाही. त्याला माझी धाकटी बहीण अर्लीन हसवेल. लनेललाही तिनेच हसवलं होतं. अर्लीन मेंढरांशीसुद्धा गोड बोलते. ती रोज सकाळी कैबेटोहून गाडी हाकत यायची आणि रेलिनसमोर कोंबडी व्हायची, बोकड व्हायची, स्वतःच्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करायची. रेलिन आपली सरकारी कारकुनासारखी तिच्याकडे बघत राहायची.

"हिला तुझाच स्वभाव लागलाय गं, वर्ना," अर्लीन म्हणायची.

"जीभ झडो तुझी," मी कॅलेंडरकडे बघत म्हणायचे. माझ्या मनातलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

जून लागला. जूनमध्ये घळीत बारीक फटीतून उन्हाचा खांब उतरतो आणि त्यापायी अख्खी दुनिया गाड्या घेऊन आमच्या दारात येते. नऊ दिवसांत सात दऱ्या! कुठल्या दरीत सकाळी होतो हे दुपारी आठवत नाही त्यांना. त्या दिवशी अर्लीन दाढ उपटायला गेली होती. साडेदहाला एक पांढरी भाड्याची व्हॅन धुरळा उडवत आली. आतून साठीचा एक गोरा उतरला. डोक्यावर ही एवढी गवती हॅट.

"वॉरन. साडेअकराची फेरी," तो लनेलला म्हणाला. "कुठाय गाडी?"

"आत्ता साडेदहा झालेत, साहेब. तासाभराने सुटेल."

त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. "साडेअकरा! दिसतंय ना?"

"तुमचा फोन शेजारच्या यूटा राज्याचं घड्याळ दाखवतोय."

"पण मी ॲरिझोनात उभा आहे!"

"हो, पण आमच्या जमिनीवर. आमची जमीन यूटाच्या घड्याळावर चालते. फेऱ्या मात्र पेज गावच्या घड्याळावर सुटतात."

"मग खरं घड्याळ कुठलं?"

"भिंतीवरचं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. "बाई, मला चार वाजता मोठ्या दरीच्या दक्षिण काठावर पोचायचंय. संध्याकाळचं ऊन चुकलं तर सगळी सहल पाण्यात."

"ऊन उद्याही पडेल."

"उद्या मी वेगासला असेन!" त्याने हॅट काढून टेबलावर आपटली. "तुम्हा लोकांनी माझा एक तास खाल्ला."

तुम्हा लोकांनी! या घळीत माझी पणजी मेंढ्या घेऊन यायची. तिच्या दोनशे मेंढ्या सरकारने एका दिवसात गोळ्या घालून मारल्या, आणि हा मला एका तासाचा हिशेब विचारतोय! जिभेच्या टोकावर आलं होतं. पण खाली रेलिन होती. मी दात आवळले, किल्ली उचलली आणि पेजला डिझेल भरायला निघून गेले. वाटेत एकटीनेच गाडीला शिव्या घातल्या.

अर्ध्या तासाने परत आले. खिडकीशी एका बसची माणसं दाटली होती, लनेलला मान वर करायला फुरसत नव्हती. आणि इकडे तो बाबा रेलिनसमोर गुडघे टेकून बसलेला! तोंडावर हॅट धरायची, काढायची. "आजोबा कुठे गेले? हे बघा आजोबा!" परत हॅट.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने मी स्वतःच्या नातीकडे बघितलं नाही, आणि हा दुसऱ्याच्या दारात उभं राहून तास मोजणारा माणूस तिला हसवणार?

"ए हॅटवाल्या!" मी दारातूनच ओरडले. "उठ तिथून! कुणाचा आजोबा रे तू? पोर म्हणजे काय खेळणं वाटलं, वेळ जात नाही म्हणून खुळखुळा वाजवायला? एक तास फुकट गेला तर एवढी बोंब मारलीस, आता तिच्या अख्ख्या जन्माचं वाटोळं करायला बसलास! तुझ्या घड्याळाला आग लागो, तुझ्या त्या व्हॅनची चारही चाकं एकदम बसोत, आणि तुझी हॅट—"

हॅटचं काय व्हावं ते सुचेपर्यंत आवाज आला. आधी उचकीसारखा एकदा. मग मोठा, खळाळून.

रेलिन हसली होती.

बसची माणसं वळून बघायला लागली. लनेल खुर्चीवरून उठली. त्या माणसाने हळूच हॅट खाली घेतली आणि म्हणाला, "हसली की!"

माझ्या हातातून किल्ली पडली. मी ती उचलली. "साडेअकराची फेरी," मी म्हटलं. "बसा गाडीत."

लनेल मागून काहीतरी म्हणत होती. मी थांबले नाही.

कोरड्या ओढ्याच्या वाळूतून मी गाडी अशी पिटाळली की मागच्या बाकावरचे सहा जण एकमेकांच्या मांडीवर पडले. घळीत शिरल्यावर रोजचं काहीएक सांगितलं नाही, दगडातलं अस्वल दाखवलं नाही की हृदय दाखवलं नाही. दगडच आहेत ते, बघा तुमचे तुम्ही. उन्हाचा खांब उतरला तशी सगळी माणसं फोन वर करून उभी राहिली. तो हॅटवाला तेवढा माझ्याजवळ आला.

"बाई, माझं काहीतरी चुकलंय. काय ते कळलं तर बरं होईल."

मग मी सांगितलं. हसू, वळण, मेंढी, मीठ, सगळं. "आता ती तुमच्या वळणावर जाणार," मी म्हटलं. "तुमच्यासारखी घाईची, तुमच्यासारखी मोजणारी. शनिवारी येऊन मेंढी कापा. तेवढं तरी करा."

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मी नाही हसवलं तिला."

"मेंढी वाचवायला खोटं बोलू नका."

"अहो, खरंच! माझ्या तोंडावर हॅट होती. तुम्ही ओरडायला लागलात आणि मी घाबरून हॅटमागेच राहिलो. हॅट खाली घेतली तेव्हा ती माझ्याकडे बघतच नव्हती. तुमच्याकडे बघत होती, हा एवढा आ वासून. माझ्या हॅटकडे तर ती वीस मिनिटं मख्खपणे बघत बसली होती."

मी खाली वाळूत बसले. तीन महिने भिंतीकडे बघून काढले आणि चार वाक्यांत सगळं मातीत घातलं. राग आला, पण या खेपेला तो काढायचा तर स्वतःवरच. तो माणूस माझ्या शेजारी उभा राहिला, फोटो काढायचाही विसरला.

परत आलो तेव्हा लनेल फोनवर बोलत होती. "हो मावशी, शनिवारी अकराला. आई घालणार जेवण."

"आई कशाला घालेल?" मी म्हटलं.

"आई, मी समोर होते."

"ते हसणं मोजायचं नाही. उद्या अर्लीन येईल, ती नीट हसवेल. ठेव तो फोन."

लनेलने फोन ठेवला. आपटलाच.

"तीन महिने!" ती ओरडली. "तीन महिने तू कॅलेंडर बघतेस! त्यावर अजून मार्चचं पान आहे, ते तरी कळलं का तुला? माझ्या पोरीला एकदा उचललं नाहीस, एकदा नावाने हाक मारली नाहीस. मला वाटलं, खोली दिलीस पण माफ केलं नाहीस. तिचं तोंड बघायचीही तुला लाज वाटते, असं वाटलं मला! रोज रात्री बॅग भरायचे मी, आई. सकाळी परत काढायचे."

"अगं, ती माझ्यासारखी होऊ नये म्हणून!" मीही ओरडले.

"आणि मी कुणासारखी झालेय? मला तर अर्लीन मावशीने हसवलं होतं! झाले मी गोड?" तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "फिनिक्सला घरमालकाने अंगावर हात टाकला तेव्हा मी ओरडले ना, तीन मजले गोळा झाले. तो माझा आवाज नव्हता, तुझा होता! तेवढं एकच तर घेऊन गेले होते मी इथून!"

आणि खाली, भिंतीपाशी, रेलिन पुन्हा हसली. आम्ही दोघी तोंडं उघडी टाकून भांडतोय आणि ती आळीपाळीने एकीकडे बघते, मग दुसरीकडे बघते आणि हसते. मी खाली वाकले. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित बारीक आहे तिचा. लनेलचा लहानपणी असाच होता. मला माहीतच नव्हतं.

शनिवारी मी मेंढी कापली. हॅटवाला सव्वादहालाच धापा टाकत आला, "उशीर झाला, उशीर झाला" म्हणत. वेगासहून रातोरात गाडी हाकत आला होता आणि परत त्या फोनने त्याला फसवलं होतं. अर्लीनने त्याला बटाटे सोलायला बसवलं. ती त्याच्याशी इतकं गोड बोलत होती की त्याने पोतंभर सोलले.

अकराला मी रेलिनला मांडीवर घेऊन बसले. समोर रस्सा, तळलेल्या भाकरी आणि मिठाची टोपली. रांगेत पहिली लनेल. मी रेलिनच्या मुठीत मिठाचा खडा दिला आणि तो हात लनेलच्या तळव्यावर धरला. रेलिन मूठ सोडेना. पक्की धरून बसली. मागे चाळीस माणसं ताटकळत होती.

"लनेल," मी म्हटलं. "त्या दिवशी दारात मी जे बोलले—"

पुढचं निघेना. जन्मभर जे तोंड बंद झालं नाही, ते नेमकं तेव्हा बंद पडलं.

"आई, मोठ्याने बोल," लनेल म्हणाली. तिचा तळवा तसाच पुढे होता. "बोललीस तेव्हा मोठ्याने बोलली होतीस."

मग मी मोठ्याने बोलले. चाळीस माणसांनी ऐकलं, पार मेंढवाड्यापर्यंत गेलं असेल. "खोटं बोलले होते मी! तू जन्मलीस तेव्हा माझं नशीब फुटलं नव्हतं! चार वर्षं तू नव्हतीस, तेव्हा फुटलं होतं!"

रेलिन खदखदून हसली आणि तिची मूठ सुटली. लनेलने मीठ तोंडात टाकलं.