टाम साहेबाची जागा

माझी बायको कौसल्या, तिनं जाण्याआधी मला एकच काम सांगितलं. तिची राख नदीत सोडायची नाही. तिच्या आजीच्या बापाची जिथं माती झाली, तिथं मूठभर टाकायची. बाकी काही करा, नका करू.

"त्याच्यापाशी आमच्यातलं कोणीच गेलं नाही," ती म्हणाली. "एक तरी जाऊ द्या."

"मले काय माहीत तो कुठं आहे?"

"तर मंग हुडका. तसंही तुमाले आता काम काय आहे? जिन तर बंद पडली."

शेवटपर्यंत अशीच बोलायची. मी कामाला होतो ती कापसातली सरकी काढायची जिन खरंच बंद होती. कापूस कोणालाच परवडत नव्हता, पिकवणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

तिच्या आजीचा बाप इंग्रज होता. टाम त्याचं नाव, आडनाव कोणाला माहीत नाही. पांढरकवड्याच्या जुन्या कापूस प्रेसवर तो इंजिन चालवायला आला होता. कौसल्याची पणजी तिथं सरकी उचलायच्या कामावर होती. दोघं एका खोलीत राहिली, एक मुलगी झाली. मुलगी रांगत होती तेव्हा तो तापानं गेला. लग्न लागलं नव्हतं, म्हणून पाद्री आला नाही. पणजी महाराची, म्हणून तिला कोणी जवळ जाऊ दिलं नाही. मुलीला काखेत घेऊन ती रस्त्यावर उभी राहिली आणि माणसं त्याला पुरायला प्रेसच्या मागं घेऊन गेली.

गल्लीतल्या बायका कौसल्याला गोऱ्याची पणती म्हणून चिडवायच्या. ती म्हणायची, "गोरा कसला? त्याचा बाप तिकडं दुसऱ्याच्या वावरात सालदार होता. सालदाराच्या घरची म्हना."

घरात त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं, तेही माझ्या सासूच्या तोंडून. बाप सालदार, लहानपणी यानं मेंढरं राखलेली. रविवारी प्रेस बंद असली की हा धनगरांच्या कळपात जाऊन बसायचा आणि मेंढरं भादरू लागायचा. आपल्याकडं मेंढराचे पाय बांधून आडवं पाडतात. तो पाय बांधत नसे. मेंढरू ढुंगणावर बसवायचा, माणूस बसतो तसं, त्याची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायचा आणि कातर पोटाकडून चालवायचा. मेंढरू गप बसून राहायचं.

मी आधी पांढरकवड्याला गेलो. राख कापडात बांधून थैलीत घेतली होती. जुन्या प्रेसच्या जागेवर प्लॉट पडले होते. चुना लावलेले दगड, मधे मुरमाचा रस्ता. एक तरुण माणूस मोटारसायकलवरून उतरला.

"काका, प्लॉट पाह्यता काय?"

"कबर पाहून राह्यलो."

"कबर-बिबर काही नाही इथं. अन् असं मोठ्यानं बोलू नका. गिऱ्हाईक भेते."

यवतमाळला चर्चच्या म्हाताऱ्या राखणदारानं मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. ज्याला पाद्री आला नाही तो आमच्याकडं कसा असेल, असं म्हणाला. खरंच होतं ते.

मग बाजारात घोंगड्या विकणाऱ्या एका माणसाला मी सहज मेंढरू बसवून भादरायचं विचारलं. तो हसला. "ते मुकुटबनकडचे धनगर करते. आमी त्याइले हासतो. मेंढराले खुर्ची देते म्हनतो."

दुसऱ्या दिवशी मुकुटबनला गेलो. गावाबाहेर कडुनिंबाखाली एक म्हातारा भादरत होता. मेंढरू ढुंगणावर बसलेलं, पाठ त्याच्या गुडघ्यांना टेकलेली. मी उभा राहून पाहत राहिलो. माझ्या सासूनं सांगितलं होतं अगदी तसंच. कुठल्या देशातला सालदाराचा पोरगा, आणि त्याचे हात इथं चालून राहिले होते. कौसल्या पाहिजे होती असं वाटलं.

म्हाताऱ्याचं नाव श्रावण. मी विचारलं, असं कोणी शिकवलं.

"साहेबबाबानं. आमच्या आज्याले शिकवलं. तो पाहा, तिथं."

झाडामागं शेंदूर लावलेला एक दगड होता. त्याच्यावर लोकरीचा पुंजका. भादरणीची पहिली लोकर त्याला वाहतात, मग बाकीच्या मेंढरांना कातर लागते.

मी थैली मांडीवर घेऊन बसलो. मी सांगितलं, "बाबा, हा माझ्या बायकोच्या आजीचा बाप."

श्रावण आधी हसला. "देवाले पोरगी कशी होईन? ब्रह्मचारी आहे तो. बाईची सावली चालत नाही त्याले. आमच्या सुना इकडून पाय नाही टाकत."

"माणूस होता तो. पोरगी होती त्याले. तिचीच नात माझी बायको."

"पाव्हने, तुमी कोनत्या समाजाचे?"

"बौद्ध."

तो कातर पुसू लागला. मी थैली दाखवली आणि कौसल्यानं काय सांगितलं होतं ते सांगितलं. मूठभर राख, दुसरं काही मागत नाही.

"नाही जमनार," तो म्हणाला. रागानं नाही बोलला. "औंदा कापसाच्या पऱ्हाटीत चारली अन् पटापट मेंढरं मेली माही. कायनं मेली, कोनी सांगत नाही. अर्धा कळप गेला. आता देव बाटवला तर उरलेलंही जाईन. तुमीच सांगा."

मी विचारलं, "तो याच्याच खाली आहे ना?"

"खाली काय राहीन? आजा पांढरकवड्याहून उठला तवा दगड गाडीत घालून आनला. आपुन निघालो तर देव मांगं कायले ठेवावा?"

"अन् माणूस?"

"कोनता मानूस?" श्रावण म्हणाला.

तो चहा सांगायला घराकडं गेला. म्हणाला, उन्हाचे आले, चहा तर घ्याच. दगडापाशी मी एकटाच होतो. थैलीतलं कापड काढून मी गाठ सोडली. हात घालून मूठ भरली. दगडाच्या बुडाशी माती मोकळी होती, बोटानं उकरली असती तरी झालं असतं.

पण उद्या त्यांना दिसलं असतं. त्यांनी गोमूत्र शिंपडलं असतं, दगड धुतला असता, माती उचलून दूर फेकली असती. तिला तिच्याच माणसापासून विटाळ म्हणून धुऊन काढलं असतं. आणि तो तर तिथं नव्हताच, पांढरकवड्यातच कुठल्या तरी प्लॉटखाली होता. मी मूठ कापडात सोडली आणि गाठ मारली.

चहा पिऊन निघालो. श्रावण रस्त्यापर्यंत आला. चालता चालता त्यानं हळूच विचारलं, "तुमाले आनखी काई माहीत आहे काय त्याचं? कसा दिसे, काय खाये?"

"नाही," मी म्हणालो.

बस आली.

थैली घरी खुंटीला आहे. माझा मुलगा रवी म्हणतो, बाबा, कुठं तरी सोडून या आता. कुठं, ते तो सांगत नाही. मलाही माहीत नाही.