समोरचा काठ

"इकडे यायच्या आधी मृत्युपत्र लिहून आलीस का गं?"

स्मरंदाने भर कँटीनमध्ये विचारलं आणि मागच्या बाकावर मैत्रिणींनी तोंडं दाबली. पैज रालुकाची होती : पाहुणीला हे विचारून दाखव, नाहीतर तू नुसतीच तोंडाची वाफ दवडणारी. स्मरंदा मागे हटणाऱ्यांतली नव्हती. म्हणजे, आता नव्हती. गेल्या वर्षापर्यंत हजेरीत नाव पुकारलं तरी तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या; आणि परवा पोर्तुगालची मुलं बसमधून उतरली तेव्हा स्वागताचा माईक तिच्याच हातात होता.

तिच्या घरी उतरलेल्या लिओनोरने घास गिळला. दोघींची इंग्रजी सारखीच लंगडी, त्यामुळे प्रश्न पोचायला जरा वेळ लागला. मग ती हसली, आणि हसता हसता तिने ताटातला काटा उगाचच सरळ करून ठेवला.

"आई तर पाठवतच नव्हती," ती म्हणाली. "मी तिला म्हटलं, युद्ध शेजारच्या देशात आहे, यांच्यापासून लांब. लांबच आहे ना?"

मागच्या बाकावरची खुसफुस थांबली. पाहुणे यायच्या आधी तुदोसे सरांनी सगळ्यांना बजावलं होतं, विचारल्याशिवाय बोलू नका, विचारलंच तर विषय बदला. तिकडच्या पालकांनी धसका घेतला तर जूनमध्ये आपण पोर्तुगालला जायचं विसरा. दोन वर्षं स्मरंदा त्या जूनकडे डोळे लावून बसली होती. रोमानियातल्या तिच्या गावातून कुणी महासागर बघून आलेलं नव्हतं.

"लांब म्हणजे? अगं, तिकडे जायचं तर तुला दोन बस बदलाव्या लागतील!"

सगळ्या खिदळल्या. रालुकाने मागून तिच्या पाठीत कौतुकाचा गुद्दा घातला. त्या दिवशी दोन्ही शाळांच्या मुलांनी मिळून व्यायामशाळेच्या भिंतीवर एक प्रचंड मोठं घर रंगवलं. 'एक घर, पुष्कळ खिडक्या' हे नाव स्मरंदानेच सुचवलं होतं. लिओनोरच्या नाकाला निळा रंग लागला होता, तो तिने संध्याकाळ झाली तरी पुसला नव्हता.

स्मरंदाचं घर गावाच्या अगदी टोकाला, डॅन्यूबच्या काठावर. अंगणातून नदी दिसायची, नदीपलीकडे पॉप्लरच्या झाडांची रांग, आणि झाडांच्या वर बंदरातल्या क्रेनच्या माना.

"तिकडेही रोमानियाच ना?" लिओनोरने विचारलं.

"हो," स्मरंदा म्हणाली आणि तिला हाताला धरून आत नेलं. "चल लवकर, डास फोडून काढतील."

आत टेबलावर माशांचं आंबट सूप वाफाळत होतं. विओरिकाने, म्हणजे स्मरंदाच्या आईने, नेहमीसारखे सगळ्यांचे फोन गोळा करून पावाच्या डब्यात टाकले आणि झाकण घट्ट लावलं. जेवताना फोन नाही, हा तिचा नियम. युद्ध सुरू झाल्यानंतरचा. पाहुणीकडे मात्र फोन मागणं तिला बरं दिसेना.

सूप वाढायच्या आधी तिने बसल्या जागेवरूनच हात लांबवून खिडकी लावली. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या तर मधला वारा लागतो, मान धरते, कान ठणकतो, माणूस अंथरूण धरतो. ती हातवारे करून पाहुणीला हे समजावत होती, तोच लिओनोरने टाळीच वाजवली.

"माझी आईसुद्धा! अगदी हेच! मला वाटायचं, जगात ती एकटीच असली वेडी आहे."

स्मरंदाने भाषांतर केलं.

"सांग तिला, तिची आई शहाणी बाई आहे," विओरिका म्हणाली.

"बघा!" स्मरंदाचे बाबा, कोस्तेल, म्हणाले. ते नदीवर फेरीबोट चालवायचे, आणि बोलण्यातही त्यांना घाई नसायची. "एवढे मोठमोठे लोक बसून कागद रंगवतात. युरोप एक झालाय तो आयांच्या या वाऱ्याच्या धास्तीने."

लिओनोर इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि त्याच क्षणी तिच्या खिशातला फोन किंचाळला.

ती घंटी नव्हती. एखाद्या जनावराच्या मानेवर सुरी फिरावी तसा तो आवाज होता, आणि थांबत नव्हता. लिओनोरने फोन बाहेर काढला. मजकूर इंग्रजीतही होता : आकाशातून वस्तू पडण्याची शक्यता. शांत राहा. तळघरात आसरा घ्या.

"तळघर कुठे आहे?"

या गावात हातभर खणलं की पाणी लागतं. तळघर कुणाकडेच नव्हतं.

"बस गं, काही नाही ते," स्मरंदा म्हणाली. "पाऊस येतो तसं येतं आणि जातं. सवय आहे आम्हाला."

"सूप निवतंय," विओरिका म्हणाली. तिची पळी थांबली नाही. कोस्तेलनी पावाचा तुकडा मोडला.

मग ड्रोनचा आवाज आला. जुनी मोपेड चढावर रडावी तसा, पण वरून. नदीच्या बाजूने. जवळ येत गेला, जवळ आला, आणखी जवळ. लिओनोर खुर्ची लोटून टेबलाखाली शिरली.

"अगं वेडाबाई, बाहेर ये!" असं म्हणत स्मरंदा तिला ओढायला वाकली, गुडघ्यांवर आली, आणि तशीच राहिली.

आई-बाबांच्या पायांत बूट होते.

घरात कुणी बूट घालून पाऊल टाकलं तर विओरिका घर डोक्यावर घ्यायची. दाराशी स्लिपरांची रांग असायची, पाहुण्यांसाठी वेगळी जोडी असायची. पोस्टमनसुद्धा उंबऱ्यात बूट काढायचा. आणि आत्ता टेबलाखाली तिच्या पायांत बाहेरचे बूट होते, नाड्यांना दुहेरी गाठ. बाबांचेही तसेच. तळवे घासून धुतलेले, फरशीवर डाग पडू नये म्हणून. घाईत चढवलेले नव्हते ते. स्मरंदाने आठवून पाहिलं, जेवायला सगळ्यांच्या आधी कोण बसतं, सगळ्यांच्या शेवटी कोण उठतं. रोज हेच दोघं. वर पाव मोडणारे बाबांचे हात संथ होते. खाली त्यांची टाच फरशीवर थडथडत होती.

आवाज अचानक थांबला. मग धक्का बसला. काचा गुणगुणल्या, सुपावर वर्तुळं उठली, आणि खिडकीबाहेर पॉप्लरच्या मागचं आभाळ नारिंगी झालं.

लिओनोरने टेबलाच्या कडेवरून तिकडे पाहिलं.

"तो रोमानिया आहे म्हणालीस."

स्मरंदाने तोंड उघडलं. वर्षभरात कमावलेलं सगळं बोलणं कुठे गेलं कुणास ठाऊक. तिने नुसतीच नकारार्थी मान हलवली.

फोन पुन्हा वाजला. या वेळी साधाच, गाण्याची धून. लिओनोरची आई रोज याच वेळी फोन करायची. स्मरंदाने झटकन तिचं मनगट धरलं.

"सांगू नकोस. प्लीज. आमचं सगळ्यांचं जाणं रद्द होईल."

लिओनोरने तिच्याकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला. ती तिच्या भाषेत बोलू लागली. स्मरंदाला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण सूर कळत होता. हलका, लाडिक, 'अगं आई, तुझं आपलं काहीतरीच' असा. इटलीतल्या मावशीचा फोन आला की स्मरंदा याच सुरात बोलायची. लिओनोर हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी गालांवरून वाहत तिच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. निळा रंग त्यात ओघळत होता.

"मी सांगितलं, मासे छान झालेत," फोन ठेवून ती म्हणाली.

स्मरंदा टेबलाखालून बाहेर आली.

"मी तिच्या आईला फोन करणार आहे. आत्ता."

"अगं, पण तुझे सर..." विओरिकाची पळी पहिल्यांदाच थांबली. "जूनचं काय? रालुका, बाकीच्या मुली, शाळेत तोंड दाखवू देतील का तुला?"

"नाही देणार."

"दोन वर्षं घालवलीस त्या सहलीपायी," कोस्तेल म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

तिने लिओनोरपुढे हात केला. लिओनोरने फोन लगेच दिला नाही, मग दिला.

"तू भाषांतर कर," स्मरंदाने तिला सांगितलं, आणि ती आई-बाबांकडे वळली. तिचा आवाज लहान मुलीसारखा बारीक झाला होता, पण ती थांबली नाही. "मी सांगणार आहे की नदीपलीकडे युद्ध आहे, आणि आमच्याकडे लपायला जागा नाही. तिच्या घरचे न्यायला आले तर घेऊन जाऊ देत तिला. आणि हेही सांगणार आहे, की सवय आमच्यापैकी कुणालाच झालेली नाही."