भाव विचारण्याआधीचे चार श्वास

दुकानापुढे थांबल्यावर अण्णा लगेच भाव विचारत नाहीत. आधी डावा हात खांबावर टेकतात, समोरच्या वस्तूकडे बघत राहतात, आणि चौथ्या श्वासानंतर विचारतात, "केवढ्याला हे?"

घरात याची थट्टाच व्हायची. आई म्हणायची, "सगळ्या इतवारा बाजाराचे भाव तोंडपाठ, पिशवी मात्र रिकामी." मीही हसायचे. गेल्या जूनमध्ये त्यांच्याबरोबर भाजीला गेले, सहज पावलं मोजली, आणि हसणं थांबलं. दोन थांब्यांमध्ये तेव्हा दोनशे पावलं होती. दिवाळीत एकशेवीस. आज सकाळी पंचावन्न.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तीन आकडे एका दिशेने निघाले की पुढचा कुठे पडेल ते मला दिसतं.

डॉक्टरांना एवढीही मोजणी लागली नव्हती. चालताना छाती आवळते, थांबलं की सुटते, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी अरुंद झालेली असणार. कुठे आणि किती, हे अँजिओग्राफीत कळेल. मनगटातून बारीक नळी आत न्यायची, औषध सोडायचं, की पडद्यावर वाहिन्या दिसतात. गरज वाटली तर तिथेच फुगा फुगवून स्टेंट बसवतात. "इंदूरला जाऊन या," ते म्हणाले. त्याला आठ महिने झाले. आधी पितृपक्ष आडवा आला, मग दिवाळी, मग माझ्या भावाचं, मयूरचं लग्न.

शिवाय अण्णांकडे ईसीजी होता. पहिला लॅमिनेट करायला दिला, तर उष्णतेने कागद पार काळा पडला. मग दुसरा काढून त्याची झेरॉक्स लॅमिनेट केली. कुणी काही विचारलं की खिशातून काढून दाखवायचे: नॉर्मल.

"अण्णा, हा तुम्ही दहा मिनिटं पडून राहिल्यावर काढलाय. तेव्हा हृदयाला जास्त रक्त लागतच नाही."

"मास्तर मी होतो की तू?"

"शेजारच्या सुकलालकाकांनी नाही का ही तपासणी करून घेतली?"

"सुकलाल तपासायला गेला अन् छाती फाडून आला."

"आणि आता रोज नदीपलीकडे जैनाबादपर्यंत पायी जाऊन येतात."

"त्याला कामधंदा नाही."

आज आम्ही चंदनशेठच्या भांड्यांच्या दुकानाशी थांबलो. "मास्साब, आज भी सिर्फ भाव? बोहनी तो करवा दो!" म्हणत त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. अण्णा हसले, बसले. चहा आला. गप्पांत पाचेक मिनिटं गेली असतील. अण्णांनी पेला तसाच खाली ठेवला आणि हात जबड्यावर नेला.

"काय होतंय?"

"दात."

"कोणता?"

त्यांना दाखवता येईना. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी वरच्या ओठावर घाम होता.

चालताना दुखणं आणि बसल्या जागी दुखणं यांतला फरक मला माहीत होता. वाहिनी नुसती अरुंद राहिलेली नाही. ती कदाचित बंद व्हायला लागली आहे. डॉक्टरांनी देऊन ठेवलेली गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि घड्याळ बघितलं.

"एक सौ आठ को फोन लगाऊं, बाई?" चंदनशेठनी विचारलं.

"लावा."

"नको," अण्णा पुटपुटले. "लोक बघतायत."

"बघू द्या."

एक मिनिट. दोन. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. तिसऱ्या मिनिटाला पकड आणखी घट्ट झाली. मी काट्याकडे बघत राहिले. चौथं मिनिट संपताना बोटं सैल झाली.

"गेलं," ते म्हणाले. "गेलं बघ. गाडी परत पाठव."

"नाही पाठवणार. आत्ता चालत होतात का तुम्ही?"

त्यांनी खाली ठेवलेल्या पेल्याकडे बघितलं.

"सांगा ना, अण्णा. चालत होतात?"

"बसलो होतो," ते म्हणाले. मग पुन्हा, सावकाश, स्वतःशीच: "बसलोच तर होतो."

चंदनशेठ पायरीवरच्या कळश्या उचलून आत ठेवू लागले. गल्लीच्या तोंडाशी सायरन ऐकू आला. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"स्नेहल, आईला फोन कर."

"काय सांगू?"

"सांग, नळी घालून घेतो म्हणावं. आजच."