शांततेतली टकटक

या, बाळांनो, अशा जवळ या. आणखी थोडे सरका, कारण माझा आवाज आता बारीक झाला आहे आणि तोही एकाच बाजूने येतो. आज मी तुम्हांला एका टकटकीची गोष्ट सांगणार आहे. मन लावून ऐका, म्हणजे माझे सांगणे सार्थकी लागेल.

मी एक जुना हेडफोन आहे. डोक्यावर बसणारी पोलादी कमान, दोन बाजूंना दोन गुबगुबीत गाद्या आणि खाली लोंबणारी वळणावळणाची वायर, एवढाच माझा संसार. कारखान्यातल्या एका बाईने पेटीत घालण्याआधी मला कानाला लावून पाहिले आणि ती गोड हसली. त्या हसण्याने माझ्या आयुष्याला सुरुवात झाली, ही देवाचीच कृपा म्हणायची.

पुढे मी चित्रपट शिकवणाऱ्या एका महाविद्यालयात आलो. माईकने आवाज वेचायचे आणि मी ते कानात सांगायचे, असे आमचे काम. तिथले सर मला फार जपत. ते मुलांना म्हणायचे, "चित्रीकरणाची जागा नुसती डोळ्यांनी बघून ठरवू नका. तिथे एक मिनिट गप्प उभे राहा आणि तिथली शांतता नोंदवून घ्या. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते." हे ऐकले की माझा ऊर भरून येई. आवाज सगळेच ऐकवतात. मला शांतता ऐकवायचे भाग्य लाभले होते!

पण मित्रांनो, दिवस सारखे राहत नाहीत. कोणी मला वायर धरून ओढले, कोणी माझ्यावर चहा सांडला. माझा डावा कान कायमचा गेला. मानेपाशी वायर सैल झाली. मग बिनवायरचे नवे हेडफोन आले आणि मी कपाटाच्या तळाशी गेलो.

एका सुट्टीच्या दिवशी मात्र नवे हेडफोन दुसऱ्यांनी नेले होते, म्हणून एका मुलीने मला बाहेर काढले. तिच्या चित्रपटात आवाजाचे काम तिच्याकडे होते. तिचे कान इतके तिखट की सोबती तिला 'कानकोरणी' म्हणत. दिग्दर्शक मुलगा सदा टोपी घालून हुकूम सोडायचा, म्हणून तो 'साहेब'. तिसरा कॅमेरा सांभाळणारा मित्र.

त्यांच्या चित्रपटातला प्रसंग साधा होता. भांडण झालेले बापलेक गाडीत बसले आहेत आणि कोणीच बोलत नाही. त्यासाठी एक निवांत सार्वजनिक जागा हवी होती. संध्याकाळपर्यंत जागा कळवली नाही, तर यंदा त्यांचा चित्रपट होणार नव्हता.

सकाळपासून पायपीट चालली होती. बागेत पंपाची घरघर निघाली. वाचनालयामागच्या गल्लीत विजेची पेटी गुणगुणत होती. प्रत्येक ठिकाणी मुलगी मान हलवायची आणि साहेबाचा पारा चढायचा.

"कानकोरणे, तुला मसणात नेऊन बसवतो. तिथे तरी सगळे गप्प असतील!"

"तिथे कावळे असतात," ती शांतपणे म्हणाली.

दिवस कलला तेव्हा ते पार्किंगच्या एका उंच इमारतीत शिरले. सुट्टीमुळे मजलेच्या मजले रिकामे होते. खांबांच्या लांब सावल्या, एकही गाडी नाही. साहेब तर नाचायलाच लागला. "हीच! हीच आपली जागा!"

खालून वॉचमन ओरडला, "पोरांनो, आटपा! मला कुलूप लावून घरची गाडी पकडायची आहे. परवापर्यंत इथे चिटपाखरू फिरकणार नाही!"

आता फक्त एक मिनिटाची शांतता नोंदवायची राहिली होती. मुलीने मला डोक्यावर चढवले, आवाज पूर्ण वाढवला आणि हात वर केला. सगळे स्तब्ध झाले. रिकाम्या मजल्याचा संथ श्वास मी तिच्या कानात ओतू लागलो.

आणि मग... टक. टक. थोडा वेळ काही नाही. टक.

"थांबा," ती म्हणाली. "कोणीतरी ठोकतंय."

"झालं सुरू!" साहेबाने कपाळावर हात मारला.

"नळात पाणी आदळत असेल गं," कॅमेरावाला म्हणाला.

साहेबाने मला तिच्या डोक्यावरून हिसकावून स्वतःच्या कानांना लावले. त्या हिसक्याने माझी सैल वायर निसटली आणि मी मुका झालो. "काही नाही! मेलेली शांतता आहे. एकदम झकास! चल, सरांना कळवतो."

मित्रांनो, माझ्या जिवाची काय तडफड झाली म्हणून सांगू! कोणीतरी हाक मारत होते, ती मी ऐकली होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. खाली किल्ल्यांचा जुडगा वाजला. "येताय, की कोंडू?"

मुलगी घुटमळली. दिवसभर तिने सगळ्यांना खोळंबून ठेवले होते. खरेच भास झाला असेल तर? तिच्यापायी चित्रपट गेला तर? पण तिने मला परत घेतले, माझी वायर मानेपाशी चिमटीत घट्ट धरली आणि डोळे मिटले. काहीच येईना. मी मनात म्हणालो, देवा, फक्त एकदा!

टक.

ती हळूच म्हणाली, "नळ कधी दमत नाही रे. हा आवाज दमत चाललाय."

पुढचे पाऊल साहेबानेच उचलले. भिंतीभिंतीला माईक लावत ते जिना उतरले. आवाज जरा जरा वाढत लिफ्टच्या दाराशी येऊन थांबला. साहेबाने दारावर मुठी आपटल्या. "कोण आहे आत?"

आतून घाईघाईने उत्तर आले. टक टक टक!

वॉचमन धावत वर आला. "अरे देवा! आमच्या मावशी! मला वाटलं, झाडलोट आटपून केव्हाच घरी गेल्या!"

मावशी सकाळी बादली घेऊन लिफ्टमध्ये चढल्या होत्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आतली घंटा बंद, फोन खाली खोलीत राहिलेला. ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा त्यांनी फरशी पुसायच्या दांड्याने दार बडवायला सुरुवात केली होती.

अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडले. मावशींचे ओठ पार सुकले होते. साहेबाने स्वतःच्या हाताने त्यांना घोट घोट पाणी पाजले. सरांना जागा कळवायची राहूनच गेली. सर्व समजल्यावर सर एवढेच म्हणाले, "जागा उद्या शोधा."

काही दिवसांनी मुलीने माझी वायर जोडून आणली. साहेबाला ती टकटक चित्रपटात घ्यायची होती. बापलेक गप्प बसलेले असताना दूरवर तेवढीच ऐकू यावी, असे त्याच्या मनात होते. मुलगी म्हणाली, "मावशींना विचारल्याशिवाय नाही." म्हणून तिघे त्यांच्या खोलीवर गेले आणि मी मावशींच्या डोक्यावर बसलो.

मावशी ऐकत राहिल्या. "कुठे आहे?"

"आता येईल, मावशी."

आली. मावशींचा हात आपोआप माझ्या उजव्या गादीवर दाबला गेला.

"एवढाच?" त्या म्हणाल्या. "अगं बाई, मी तर सगळा जीव एकवटून बडवत होते. वाटलं, अख्ख्या गावाला ऐकू जात असेल. एवढाच आवाज येत होता होय?"

साहेबाने टोपी काढून हातात धरली.

मावशींनी मला उतरवून मुलीच्या मांडीवर ठेवले. "घाला तुमच्या सिनेमात," त्या म्हणाल्या. "पण मोठा करू नका. असाच ठेवा. ज्याला ऐकायचं तो कान देईल."

बाळांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना वायर धरून ओढू नका, थोडे जपून वापरा, एवढे माझे मागणे आहेच. पण मला विसरलात तरी चालेल. कधी अगदी निवांत जागी उभे राहाल, सगळे शांत आहे असे वाटेल, तेव्हा निघण्याआधी क्षणभर थांबा आणि आमच्या मावशींची आठवण ठेवा.