निर्मलाबाईंचा पहिला पट

"काकाजी, मानसं काढून टाकू का?" रीताने विचारलं.

कैलाश खुर्चीच्या अगदी काठावर येऊन बसला होता. "कोनती मानसं?"

"पटातली. पाहाले आलेली. तेवढाच कॉम्प्युटरचा जीव हलका होईन."

"काढ मंग. मले मानसं काय कराची हायेत? बैल ठेव फक्त."

रीताने गेममधली धूळ आधीच काढली होती. सावल्या गेल्या, झाडं गेली, आता माणसंही गेली. पडद्यावर नुसतं हिरवं सपाट रान उरलं आणि त्यात शंकरपटाची दान, म्हणजे बैल पळवायची लांबलचक पट्टी. गल्लीच्या तोंडाशी रीताचं ऑनलाइन सेंटर होतं. दिवसभर ती लोकांचे अर्ज भरून द्यायची. आज मात्र दुपारीच शटर ओढून ती पेनड्राइव्हवर हा गेम घेऊन आली होती, कारण कैलाशच्या घरातल्या नेटच्या भरवशावर राहिलं असतं तर दिवाळी उजाडली असती.

कॉम्प्युटर कैलाशच्या लेकीच्या, तृप्तीच्या दहावीच्या वेळचा. ती पुण्याला गेल्यापासून तो विणलेल्या रुमालाखाली झाकलेलाच होता आणि दिवाळीला देवांबरोबर त्याचीही पुसापुशी व्हायची. सुरू केला की आतला पंखा मळणीयंत्रासारखा घरघरायचा. पण ज्या पोरीसाठी तो घेतला, त्या पोरीने आता दोन मैत्रिणींबरोबर शंकरपटाचा गेम तयार केला होता आणि तो आजच सगळ्यांसाठी खुला झाला होता. तुमचा डबा हे ओझं ओढणार नाही, दिवाळीला मी लॅपटॉप घेऊन येते, तोवर थांबा, असं तिने बापाला दहादा बजावलं होतं. पण पटाच्या बाबतीत थांबणं हा प्रकार कैलाशला जन्मात जमला नव्हता. ताप आलाय असं सांगून त्याने राईस मिलमधून सुट्टी काढली. तिथे तो काट्यावर धानाची पोती तोलायचा. मालकही याच भागातला. ताप कसला आहे हे त्याला बरोबर कळलं आणि त्याने जा म्हणून सांगितलं.

एके काळी लाखनीच्या आसपास पट असला की कैलाशला बोलावणं ठरलेलं असे. पटाचे बैल त्याच्याकडे कधीच नव्हते. बैल मारोतरावांचे आणि हात कैलाशचे. लाख्या-पाखऱ्याच्या जोडीमागे छकड्यावर कैलाश आहे म्हटलं की समोरच्या जोडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मग कोर्टाच्या बंदीने पट बंद झाले. ते पुन्हा सुरू होईपर्यंत बरीच वर्षं गेली. तोवर मारोतराव गेले होते, बैल गेले होते आणि कैलाशची कंबर छकड्याचे दणके खाण्याच्या लायकीची राहिली नव्हती. यात कुणाचीच चूक नव्हती, त्यामुळे रागवायलाही कुणी सापडत नव्हतं. हल्ली तो पटाला जायचा, दोरीच्या अलीकडे लोकांत उभा राहायचा आणि जेवणाच्या आधीच घरी परतायचा. या गोष्टीचं त्याला फार वाईट वाटायचं, पण बोलून दाखवायचा नाही.

आज मात्र त्याचा उत्साह पाहण्यासारखा होता. चपला दाराशी काढून ठेवल्या होत्या. डोक्याला दुपट्टा बांधला होता. जोडीची नावं विचारणारी चौकट आली तेव्हा त्याने रीताला एकेक अक्षर सांगत लाख्या आणि पाखऱ्या लिहायला लावलं. रीताने बटणं समजावून दिली. हे उजव्या बैलाचं, हे डाव्याचं आणि हे लांबट बटण तुतारीचं, म्हणजे बैलाला टोचायचं.

"ते नाई लागत आपल्याले," कैलाश म्हणाला आणि त्याने त्या बटणावरून हात लांब घेतला.

पहिल्या खेपेला बैल दान सोडून सरळ हिरव्या रानात शिरले. दुसऱ्या खेपेला जोडी उलट्या दिशेने निघाली आणि रीता हसून हसून बेजार झाली. मग तिलाच वाईट वाटलं. कॉम्प्युटर जुना आहे, आता बटण दाबलं तर बैल मागाहून वळतो, तुमची काही चूक नाही, अशी तिने समजूत काढली. बैलही आपलं बोलणं मागाहूनच ऐकतो, त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं, असं सांगत कैलाशने पुन्हा बटणांवर बोटं ठेवली.

तिसऱ्या खेपेला तो पुढे वाकला. पडद्याशी बोलू लागला, चुचकारू लागला, लाख्याला नावाने हाका मारू लागला. शेजारची जोडी बरोबरीला आली, मागे पडली, पुन्हा बरोबरीला आली. शेवटच्या टप्प्यात कैलाश उठूनच उभा राहिला. खुर्ची मागे आडवी झाली. आणि त्याची जोडी पुढे निघून रेषेपार गेली. इतक्या वर्षांनी छातीत तीच जुनी धडधड होत होती आणि त्याला ती हवीहवीशी वाटत होती.

स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, निर्मलाबाईंचा आवाज आला, "जोडी कितवी आली?"

"पयली," कैलाश ओरडून म्हणाला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि आत भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्यांचं लग्न झाल्यापासून पटाच्या संध्याकाळी हा प्रश्न आणि हे उत्तर घरात असंच चालत आलं होतं.

तेवढ्यात तृप्तीचा फोन आला. कैलाशने तिला बोलूच दिलं नाही. बैलांची चाल कशी अस्सल आहे, वशिंड कसं हलतं, घंटा कशी वाजते, सगळं एका दमात सांगून टाकलं. डबा चालला याचंच तृप्तीला नवल वाटलं. मग तिने विचारलं, "बाबा, आई दिसली का?"

"आई सैपाक करून रायली."

"घरातली नाही हो. पटातली. दानीच्या शेवटी, पुढच्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. मी बसवली तिले तिथं."

कैलाशने रीताकडे पाहिलं. माणसं काढून टाकली आहेत, असं त्याने चाचरत सांगितलं.

"मानसं काढली? मंग आईबी गेली ना," तृप्ती म्हणाली. ती हसत होती, पण पुढचं बोलताना हसली नाही. "तिनं एकबी पट पाह्यला नाही, बाबा. म्हनून बसवली."

कैलाशने फोन ठेवला. असं कसं होईल, असं तो रीतालाच म्हणाला. गावचा पट घरापासून हाकेच्या अंतरावर भरायचा. सगळा गाव लोटायचा. मग तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने बायकोला सरळ विचारलं, तू पट पाहिलाच नाहीस काय?

निर्मलाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कवा पाहू? पट म्हटला का पावने. सकाळपासून पंगती. तुमच्या जोडीसंगं आलेले मानसं कोनाच्या घरी जेवत होते?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या. पटाच्या दिवशी घरोघरी पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात आणि बायका चुलीपाशी असतात, ही इकडची जुनी रीत. कैलाश त्या पंगतीत पोटभर जेवला होता, आग्रह करकरून वाढायलाही लावलं होतं. वाढणारी बाई सकाळी कुठे होती, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याला ओशाळल्यासारखं झालं.

"चाल," तो म्हणाला. "हात राहू दे तसेच."

त्याने पडलेली खुर्ची उचलून बायकोसाठी ठेवली आणि रीताला माणसं परत आणायला सांगितली. कॉम्प्युटर अडकेल, जोडी हरेल, असं ती म्हणाली. हरू दे, असं कैलाशने सांगितलं, आणि हे त्याच्या तोंडून पटाबद्दल पहिल्यांदाच निघालं असावं.

रान भरून गेलं. दुपट्टेवाले, टोपीवाले, रसवंतीवाला, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. निर्मलाबाई कणकेचे हात मांडीवर उताणे ठेवून पाहू लागल्या. जोड्या सुटल्या. पंखा घरघरू लागला. बैल आता इथे दिसायचे आणि एकदम तिथे दिसायचे, मधलं काही दिसायचंच नाही. कैलाश आधीच्याही आधी बटणं दाबत होता, पण आता ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं. शेजारची जोडी पुढे निघून गेली. दानीचं टोक जवळ आलं, बायकांची रांग दिसली आणि तिथेच चित्र थांबलं.

पुढच्या रांगेत हिरव्या लुगड्यातली बाई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. कपाळावर मोठं कुंकू. तिची नजर छकड्यावर होती. चित्र हलत नव्हतं, पण लोकांचा आरडाओरडा मात्र चालूच होता, तोच तोच, पुन्हा पुन्हा. रीताने बंद करून पुन्हा सुरू करण्यासाठी हात पुढे केला.

"राहू दे वं," निर्मलाबाई म्हणाल्या. "पाहू दे मले."

त्या हिरव्या लुगड्याकडे बघत नव्हत्या. त्या छकड्यावरच्या माणसाकडे बघत होत्या. तो बैलांच्या पाठीवर पार ओणवा झाला होता, दोन्ही हातांत शेपट्या, दुपट्ट्याचं टोक मागे उडालेलं.

"तुमी असे वाकत होते?"

"हो."

"मले वाटे, आपन बाजाराले जातो तसे बसत असान."

आत कुकरची शिट्टी झाली. निर्मलाबाई सवयीने उठू लागल्या.

"बस तू," तो म्हणाला आणि आत गेला.

गॅसचं बटण कोणत्या बाजूला फिरवायचं, हे त्याला पटकन समजेना. एकदा ज्योत मोठी झाली, मग एकदाची विझली. कणकेची परात तशीच पडली होती, त्यावर त्याने ताट झाकलं. बाहेर लोकांचा गलका अजून चालू होता. तिथूनच त्याने विचारलं, "जोडी कितवी आली वं?"

बाहेर पडद्यावर जोडी अजून रेषेच्या अलीकडेच थांबलेली होती.

"येऊन रायली," निर्मलाबाई म्हणाल्या.