पाटावर मांडलेली पिपेट

शितोळ्यांच्या घरात खंडेनवमीला पाटावर काय मांडायचं, यावर कधी वाद होत नसे. पणजोबांची तलवार मधोमध, एका अंगाला मोहनरावांचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर, दुसऱ्या अंगाला लीलाबाईंची शिवणाची कात्री. पणजोबा बडोद्याच्या फौजेत होते आणि मोहनराव बडोद्यातच पाणीगेटला स्कूटरी दुरुस्त करत. पण हत्यार ते हत्यार. ज्याचं पोट ज्यावर चालतं त्याला नवमीला हळद लागलीच पाहिजे, असा मोहनरावांचा खाक्या होता आणि त्यांच्याशी हुज्जत घालायची सोय नव्हती.

त्यांची लेक शिवांगी विद्यापीठात पेशींवर संशोधन करायला लागली होती. मग तिचं हत्यार पाटावर नको? मोहनरावांनी नवरात्रभर तिचं डोकं खाल्लं. शेवटी बिचारीनं प्रयोगशाळेतली आपली पिपेट घरी आणली. पिपेट म्हणजे अंगठ्यानं दाबून औषधाचा बारीकसा थेंब नेमका मोजून टाकायचं यंत्र. ते बाहेर न्यायचं नाही असा तिथला नियम, पण आबांपुढे नियम कुठले टिकायला! मोहनरावांनी पिपेट तलवारीला खेटून ठेवली, तिच्या अंगावर ओल्या हळदीची बोटं ओढली, टोकालाही प्रेमानं लावली आणि वर झेंडू वाहिला. हात जोडताना त्यांचे डोळे भरून आले. दसरा झाल्यावर शिवांगीनं पिपेट स्पिरिटनं स्वच्छ पुसली आणि ती कामाला लागली.

तिचं काम काय, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून मोहनरावांना तोंडपाठ झालं होतं. पेशीतली बहुतेक कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे एक लांब दोरी. तिची घडी नीट बसली तर ते कामाचं, नाहीतर नुसता गुंता. आणि काही प्रथिनांचं कामच मुळी दुसऱ्यांची घडी बसवून द्यायचं. शिवांगी अशाच एका मदतनीस प्रथिनाच्या मागे होती. ते पेशीत कुठे जातं ते दिसावं म्हणून तिनं त्याला हिरवं चमकणारं शेपूट जोडलं होतं. औषध घालून पेशीला त्रास दिला की हा मदतनीस कुठे धावतो, एवढाच तिचा प्रश्न.

दिवाळीनंतर उत्तर मिळालं. औषध घातलेल्या पेशींच्या आतलं पडद्यांचं जाळंच्या जाळं हिरवंगार उजळलं. तिच्या मार्गदर्शक कौमुदी मॅडम म्हणजे कौतुक तोळ्यानं मोजून देणारी बाई, पण त्यांनीसुद्धा तिला मिठी मारली. हैदराबादच्या परिषदेत हे चित्र दाखवायचं ठरलं. मोहनरावांना आकाश ठेंगणं झालं. शेजारी सुभानरावांचं टायरचं दुकान होतं. त्यांना तर रोज सकाळी ते चित्र मोबाइलवर बघावं लागे, आणि चहाही मोहनरावांचाच असल्यामुळे बिचाऱ्यांना नाही म्हणता येत नसे.

मग एके दिवशी शिवांगी घरी आली. ताटावर बसली, पण घास काही उतरेना. लीलाबाईंनी खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. कुणी सांगितलं नसताना, केवळ आपली खात्री म्हणून, तिनं हिरवं शेपूट न जोडलेल्या पेशींत तेच औषध घालून पाहिलं होतं. त्याही उजळल्या. दुसऱ्या पिपेटनं घातलं तर अंधार. मग तिनं स्वयंपाकाची हळद स्पिरिटमध्ये कालवली, तिचा कण पेशींत टाकला, आणि तस्संच हिरवं जाळं समोर उभं राहिलं. सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात हळद स्वतःच हिरवी चमकते. पाण्यात नीट न विरघळणारी हळद स्पिरिटमध्ये विरघळली होती, पुसताना पिपेटच्या टोकात शिरली होती आणि तिथून रोज औषधात उतरत होती. मदतनीस प्रथिन कुठेच धावलं नव्हतं. चमकत होती ती शितोळ्यांची हळद.

मोहनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच बोटांनी लेकीच्या कामात माती कालवली, या विचारानं ते भिंतीला टेकून बसले ते उठेनात. त्यात विभागाचा खुला दिवस तोंडावर आलेला. त्या दिवशी घरच्यांनाही बोलावणं होतं आणि बाहेरून आलेली समिती सगळ्यांदेखत काम ऐकणार होती. शिवांगीचं संशोधन पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं, हे ती समितीच ठरवणार होती. कौमुदी मॅडमना शिवांगीनं सगळं सांगून टाकलं होतं. हैदराबाद रद्द झालं. समितीपुढे पिपेट अस्वच्छ होती एवढं म्हटलं तरी खोटं होणार नाही, पुढचं तुझं तू ठरव, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

मोहनरावांनी तेवढंच धरून ठेवलं. कधी लेकीपुढे न वाकलेला माणूस गयावया करायला लागला.

"पूजेचं नाव काढू नकोस, बेटा. अडाणी घरची पोर म्हणतील. माझ्यापायी तुझं शिक्षण बंद पडलं तर मी तोंड कुठे लपवू?"

शिवांगी म्हणाली, "आबा, अर्धं सांगितलं तर उद्या दुसरं कुणीतरी याच खड्ड्यात पडेल. मी सगळं सांगणार."

खुल्या दिवशी मोहनराव इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत जाऊन बसले, कारण पुढे बसायची हिंमत नव्हती. सुभानराव हौसेनं शेजारी येऊन बसले. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. घरचे लोक होते म्हणून शिवांगी गुजरातीत बोलली. तिनं आधी तेच हिरवं चित्र पडद्यावर लावलं आणि शांतपणे म्हणाली की हे चूक आहे. मग पाट, हळद, स्पिरिट, सगळं क्रमानं सांगितलं. सभागृहात खसखस पिकली. सुभानरावांनी मान वळवून मोहनरावांकडे पाहिलं. मोहनराव घामानं निथळत होते आणि नजर बुटांवरून हलत नव्हती.

समितीत पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ मुख्य होते. त्यांनी चष्मा काढला आणि जरा कडकच आवाजात विचारलं, की प्रयोगशाळेचं यंत्र देवापुढे ठेवल्याची लाज नाही वाटली का?

"नाही सर," शिवांगी म्हणाली. "आमच्यात हत्याराची पूजा करतात, आणि हे माझं हत्यार आहे. लाज वाटते ती त्याची तपासणी न करता ते पेशींना लावल्याची."

खसखस थांबली. मोहनरावांनी मान वर केली. काळ्या फळ्यापुढे उभी असलेली ही पोर त्यांचीच होती, आणि तिचा आवाज जराही कापत नव्हता.

मग तिनं नव्या पिपेटनं केलेल्या कामाचं चित्र लावलं. जाळं नव्हतं, उजेडही फारसा नव्हता. घडी बिघडलेली प्रथिनं जिथे साचली होती तिथे मोजकेच हिरवे ठिपके होते. मदतनीस बहुधा तिथे जातो, पण अजून खात्री नाही आणि खात्री झाल्याशिवाय मी म्हणणार नाही, असं सांगून ती थांबली. पांढऱ्या केसांचे गृहस्थ त्या ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग शेजारच्या दोघांशी कुजबुजून ते उभे राहिले. कागदपत्रं मागाहून होतील, पण ही मुलगी काम पुढे चालू ठेवणार, हे आत्ताच सांगून टाकतो, असं ते म्हणाले. आणखी कुणाला काही विचारायचंय का, असंही त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

मागच्या रांगेत एक हात वर झाला. सुभानरावांनी बाही ओढली तरी मोहनराव उठलेच. घराबाहेर जन्मभर गुजराती बोललेला माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून मराठीच आली.

"विचारायचं काही नाही, साहेब. हळद मी लावली होती. मी तिचा बाप."

एवढं बोलून ते खाली बसले नाहीत. सभागृहातली सगळी डोकी मागे वळली होती, आणि ज्याला ज्याला बघायचं होतं त्याला बघू देत मोहनराव छाती काढून तसेच उभे राहिले.