एकोणतिसाव्या संध्याकाळची साक्ष

केपमधल्या सूटवॉटरच्या किनाऱ्यावर भरणाऱ्या मुलांच्या शिबिरात गनिफ सॅमसोडिएन बावीस उन्हाळे मार्गदर्शक होते, आणि या बावीस वर्षांत त्यांना न आवडलेला माणूस शिबिरात आला नव्हता. तिकडे उन्हाळा डिसेंबरात येतो; तेविसाव्या डिसेंबरात इखशान आला.

इखशान सव्वीस वर्षांचा, चष्मेवाला, शाळेत गणित शिकवणारा. आल्या दिवशी त्याने गनिफ यांचा गॅसचा सिलिंडर खांद्यावर टाकून तंबूपर्यंत नेला, तेही न सांगता. गनिफ यांनी तिथेच ओळखलं की हा मुलगा त्रास देणार.

पोरं त्यांना बूता म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. भावाने साठी ओलांडली होती, पण हाक जुनी होती. जन्मभर शहरातल्या कपड्याच्या कारखान्यात त्यांनी कापड बेतलं. त्यांच्या डोळ्याला रेघ चुकलेली चालत नसे. त्याच डोळ्यांमुळे केपमधल्या चंद्र पाहणाऱ्यांत त्यांचं नाव होतं, वडिलांचंही होतं. चांद्र महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी उघड्या डोळ्यांनी कोर दिसली तर नवा महिना, नाहीतर आणखी एक दिवस. शिबिराच्या तारखाही अशा धरत की शेवटून दुसरी संध्याकाळ एकोणतिसावी यावी. त्या संध्याकाळी बूता खडकावर उभे राहत, मागे ऐंशी पोरं श्वास रोखून उभी राहत, आणि बूतांचा हात वर जाण्याची वाट पाहत. पंधरा दिवस तंबूत वाळू खाऊन फुकट राबायचं ते या पाच मिनिटांसाठी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अल्लाला सांगण्याची गरज नव्हती आणि बायकोला आधीच माहीत होतं.

यंदाची एकोणतिसावी शाबानची होती. कोर दिसली तर दुसऱ्या दिवसापासून रमजान. असा योग म्हणजे चंद्र पाहणाऱ्याची दिवाळी, असं आपण म्हणू. बूता अर्थातच तसं म्हणाले नसते.

आणि इखशानने दुर्बीण आणली.

पहिल्याच संध्याकाळी त्याने पोरांना शनीचं कडं दाखवलं. दुसऱ्या संध्याकाळी बूतांच्या तंबूतली चार पोरं तिकडे गेली, तिसऱ्या संध्याकाळी सात. बूतांनी मोजली नाहीत. ती आपोआप मोजली गेली.

"चंद्र बघायला दुर्बीण," शिबिराच्या स्वयंपाकघरात ते गदिजाला म्हणाले. गदिजा त्यांची बायको, ऐंशी जणांचं जेवण तिच्या हाती. "उद्या नमाजाला मोटर लावतील."

"तुमचे गुडघे बघता लावली तर बरंच होईल. तो कांदा सोला."

"कालपासून माझ्या चहात साखर कोण घालतंय?"

"इखशान. मी सांगितलं त्याला, तुम्हाला दीड चमचा लागते."

"मग बरोबर," बूता म्हणाले. कालपासूनचा चहा बावीस वर्षांतला सगळ्यात चांगला होता, आणि हे फार वाईट झालं होतं.

शेवटी ते शिबिराचे प्रमुख शेख तोयर यांच्याकडे गेले. दोघं एका बाकावर शिकलेले.

"तोयर, दुर्बिणीला शरियतची परवानगी आहे का?"

"शनीचं कडं बघायला? शनीने तक्रार केलीय का?"

"एकोणतिसाव्या संध्याकाळचं विचारतोय मी."

"त्या दिवशी डोळ्याचीच साक्ष. ते पोरही जाणतं. दुसरं काही?"

"दुसरं काही नाही."

"मग हा मत्सर घेऊन माझ्या तंबूतून बाहेर जा. आधीच जागा कमी आहे."

एकोणतिसाव्या संध्याकाळी आग्नेयेचा वारा पडला होता. सूर्य समुद्रात गेला, क्षितिजावर तांबूस धुराची पट्टी राहिली. बूता धुतलेला कुर्ता आणि लाल फेज टोपी घालून आपल्या खडकावर चढले. मागे पाहिलं तर ऐंशीतली तीन-चार पोरं होती. बाकी सगळी वीस पावलांवर दुर्बिणीभोवती. इखशान सांगत होता, "आधी डोळ्यांनी बघा, मग यातून." पण ऐकतो कोण.

या तीन-चारांत तश्रीक होता. तीन वर्षं बूतांच्या कोपराशी उभा राहणारा. बूता त्याला बघून जरा सावरले. तेवढ्यात तश्रीक म्हणाला, "बूता, मी आलोच," आणि खडकावरून उतरून तिकडे पळाला.

बूतांचा हात वर गेला. तो त्यांनी उचलला की आपणहून गेला, हा वाद नंतर त्यांनी स्वतःशी बराच घातला.

"दिसला," ते म्हणाले.

ऐंशी माना वळल्या. पोरं वाळूतून धावत आली, खडक भरला. "कुठे, बूता? कुठे?" बूता बोटाने दाखवत होते. "तो पक्षी बसलाय ना, त्याच्या जरा वर. होता. धुराने गिळला आत्ताच." त्या दोन मिनिटांत त्यांना जे मिळालं ते बावीस वर्षांत मिळालं नव्हतं.

"मीपण पाहिला," धाकटा मुसादीक म्हणाला. "नखाएवढा."

"मी त्याच्या आधी पाहिला," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने दोन पाहिले होते, पण त्याला सगळ्यांनी गप्प केलं.

तिकडे इखशानने दुर्बिणीवर टोपण लावलं. पोरांना म्हणाला, "बूतांनी पाहिला म्हणजे पाहिला. चला, मगरिबच्या नमाजाला उशीर होतोय."

नमाज झाल्यावर गदिजा बाह्या सरसावून आली. उद्या दुपारच्या निरोपाच्या अखनीसाठी, म्हणजे मटणभातासाठी, वीस किलो मटण मसाल्यात मुरत होतं. "आता ही दुपारची अखनी पहाटेच्या सहरीला घालू की संध्याकाळच्या इफ्तारला?" तिने विचारलं. "का चंद्राला विचारू?" बूतांनी तिच्याकडे पाहिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळत होतं की ती कधी थट्टा करते आणि कधी करत नाही.

शेख तोयर उभे राहिले. "गनिफ, पुढे ये. कलमा पढून सांग की तू कोर पाहिलीस. मग मी शहरात फोन करतो."

शहरात फोन म्हणजे मंडळी जमणार, रेडिओवर सांगणार, आणि बूता गनिफ यांच्या एका हातावर सगळं केप उद्या पहाटे उठून उपास धरणार. बूतांना पहिल्यांदा तो हात फार लांब झाल्यासारखा वाटला.

"आणि ज्या पोरांनी पाहिला तीही या," शेख म्हणाले.

मुसादीक लगेच येऊन बूतांच्या शेजारी उभा राहिला. नऊ वर्षांचा, फेज कानांवर उतरलेली. त्याने कलमा पुटपुटायला सुरुवातही केली. त्याला खरंच वाटत होतं की आपण पाहिला. बूतांनी दाखवला होता ना.

"त्याला बसव, तोयर," बूता म्हणाले.

"का?"

"त्याने काही पाहिलं नाही. मीही नाही."

समुद्र तेवढा बोलत राहिला. त्याला कशाची लाज नव्हती.

"मग हात कशाला वर केलास?" शेखनी विचारलं. "तुला दिसलं तरी काय?"

बूतांनी थोडा विचार केला. साक्षच द्यायची तर खरी द्यावी.

"पोरांच्या पाठी दिसल्या," ते म्हणाले.

शेख तोयर यांनी हातातला फोन खिशात ठेवला. मग पोरांकडे वळून म्हणाले, "कोर दिसली नाही. उद्या शाबानची तीस. दुपारी अखनी आहे." यावर पोरांनी असा गलका केला की नुकतंच काय कबूल झालं ते बऱ्याच जणांच्या डोक्यातून तिथेच गेलं. तश्रीकच्या गेलं नाही. तो लांब उभा राहून आपल्या चपलेकडे बघत होता.

बूता तंबूबाहेर बसले. इखशान चहा घेऊन आला. दीड चमचा.

"एक विचारू?" बूता म्हणाले. "तुझ्याकडे चंद्र-सूर्याच्या वेळांचा तक्ता असेल. त्यात आज काय लिहिलंय?"

"चंद्र सूर्याच्या आधीच बुडतो म्हणून. आज दिसणं शक्य नव्हतं."

"म्हणजे मी खोटं बोललो हे तुला तेव्हाच माहीत होतं."

"चुकलात असं वाटलं. खोटं नाही वाटलं."

"मग बोलला का नाहीस?"

"पोरांसमोर, बूता? तुम्हाला?" इखशानला प्रश्नच कळला नाही. "नमाजानंतर शेखना हळूच सांगणार होतो, फोन करायच्या आत. त्याआधी तुम्हीच सांगितलंत." तो जरा घुटमळला. "उद्या कोर दिसेल. कुठे बघायची ते मला शिकवाल? तक्त्यात दिशा आहे, पण नजर नाही."

बूतांनी चहाचा घोट घेतला. मत्सराला एकच औषध असतं, समोरच्याचा एखादा दोष सापडणं, आणि हा मुलगा तेवढाही आधार द्यायला तयार नव्हता.

"चष्मा पुसून ये," ते म्हणाले. "आणि खडकावर माझ्या डाव्या बाजूला उभा राहा. उजवी बाजू तश्रीकची आहे."